फोन कट कोण करतं?

फोन कट झाला की भाऊ केबिनचं दार उघडून आधी ऑपरेटरच्या टेबलाकडे बघायचे. नुसतं बघायचे, दार लावून घ्यायचे आणि आतून इंटरकॉमवर म्हणायचे, "लाव परत."

भाऊ म्हणजे आमचे मालक. द्राक्षं परदेशी पाठवणारी आमची छोटी कंपनी होती आणि ऑफिस गंगापूर रोडला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. तिथलं सगळं मी सांभाळायची. पत्रव्यवहार, कंटेनरची कागदपत्रं, पगार, अगदी चहा-साखरसुद्धा. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. सकाळी दिवसभराच्या कामांची यादी लिहून काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे, अजूनही लागत नाही. ऑपरेटर म्हणजे फोनवर बसणारी मुलगी, माहेरची नांदगावची, लग्न होऊन पंचवटीत आलेली. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी तिच्याकडे यायचा, मग ती बटण दाबून आत द्यायची. बाहेर लावायचा फोनही तीच लावून द्यायची. त्यामुळे कुठलाही फोन तुटला तरी त्याला तिचा हात लागलेला असायचाच.

थोडं मागे जावं लागेल. नव्वदच्या दशकात भाऊंनी पहिल्यांदा माल बाहेर पाठवला तेव्हा ऑफिस वगैरे काही नव्हतं. परदेशी फोन करायचा तर रस्त्यावरचा एसटीडी बूथ. काचेच्या खोक्यात भाऊ, त्यांना चिकटून निफाडकडचे एक काका, आणि बाहेर दाराला टेकून कागद-पेन घेतलेली मी. काकांची बाग मोठी होती आणि त्यांना विचारल्याशिवाय भाऊ भाव देत नसत. ती आमच्या धंद्यातली रीतच होती. माल ज्याचा, त्याने मान हलवल्याशिवाय भाव ठरायचा नाही. मागून कोणी म्हणायला नको की मला विचारलं नाही. पलीकडून आकडा आला की भाऊ रिसीव्हरवर तळहात ठेवायचे, काका त्यांच्या कानात पुटपुटायचे, डोक्यावर मीटरचे लाल आकडे पळत असायचे आणि निर्णय झटक्यात व्हायचा. पळत्या मीटरखाली कोण घोळ घालत बसणार?

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ऑफिसात इंटरनेटवरून चालणारे फोन आले. परदेशी बोलणं एकदम स्वस्त झालं. फोन बसवायला आलेल्या इंजिनिअरने भाऊंना सगळी बटणं समजावून सांगितली. त्यातलं एक भाऊंना फारच आवडलं. ते दाबलं की लाल दिवा लागायचा आणि आपला आवाज पलीकडे जायचा नाही.

"म्हणजे आता मी काय वाट्टेल ते बोललो तरी त्याला कळणार नाही?"

"नाही कळणार."

भाऊंनी तिथल्या तिथे केबिनमधून ऑपरेटरला फोन लावून प्रयोग करून बघितला. लाल दिवा लावून त्यांनी इंजिनिअरच्या मिशीबद्दल काहीतरी म्हटलं आणि बाहेर ओरडून विचारलं, "ऐकू आलं का गं?" ती म्हणाली, "फोनमधून नाही आलं, भाऊ. दारातून आलं." सगळे हसले. त्या दिवसापासून रिसीव्हरवर तळहात ठेवणं बंद झालं. ते आता गावंढळ दिसतं, असं भाऊंचं मत पडलं.

आणि मग फोन तुटायला लागले. रोज नाही, सारखे नाही. रोज तुटले असते तर बरं झालं असतं, कारण दोष सापडला असता. दोन दिवस सुरळीत जायचे, मग एका दुपारी एखादा फोन तुटायचा, मग आठवडाभर काही नाही. तुटायचे ते बहुतेक इंग्लंडच्या ग्राहकाचे, आणि तेही ऐन बोलणी रंगात आल्यावर. हा ग्राहक शांत माणूस, कमी बोलणारा. एके दिवशी तो भाऊंना म्हणाला, "तुमची ती मुलगी माझा फोन कापते."

झालं. डिसेंबर संपत आला होता, बागांत मणी भरत होते, महिन्याभरात माल काढायला येणार होता. भाऊंनी दार उघडलं. आत निफाडचे काका आणि दिंडोरीकडचे त्यांचे व्याही बसले होते. त्यांच्यासमोरच भाऊ मला मोठ्याने म्हणाले, "संक्रांत झाली की हिला पॅकहाऊसला पाठवा. वजनकाट्यावर बसेल. फोन हिला झेपत नाही."

द्राक्षं पेट्यांत भरायचं ते पॅकहाऊस पिंपळगावच्या पुढे होतं. हंगामात तिथलं काम संध्याकाळ उलटून गेली तरी संपत नसे आणि परतीच्या गाडीचा भरवसा नसे. ऑपरेटरची सासू अंथरुणाला खिळलेली होती. संध्याकाळी शेजारीण घरी जायच्या आत हिला पोचावं लागे. तिला पॅकहाऊसला पाठवणं म्हणजे कामावरून काढणंच होतं, फक्त तसं म्हणायचं नव्हतं. तिला ते कळलं. पुढचा फोन आला तेव्हा "नमस्कार" म्हणताना तिचा आवाज बसला होता.

मी ठरवलं की संक्रांतीच्या आत हे शोधायचं. तिची दया आली म्हणून नव्हे, म्हणजे केवळ म्हणून नव्हे. मी तिला रोज बघत होते. तिचं काम स्वच्छ होतं. स्वच्छ काम करणाऱ्या माणसावर यंत्राची चूक ढकलायची, हे मला पटण्यासारखं नव्हतं. आणि एकदा ही खुर्ची रिकामी झाली की तिथे दुसरं कोणी येईल, फोन तुटतच राहतील, मग तीही जाईल.

यादी केली आणि एकेका गोष्टीच्या मागे लागले. आधी वायर. भाऊंच्या टेबलाखालची वायर खुर्चीच्या चाकाखाली सापडून चपटी झाली होती. मला वाटलं, हेच! नवी घातली. दोन दिवसांनी फोन तुटला. मग लोडशेडिंग. वीज जाऊन इन्व्हर्टर चालू होतो त्या क्षणी यंत्र डोळा मिटत असेल, म्हणून फोनच्या यंत्राला वेगळी बॅटरी लावून घेतली. पुढचा फोन भर विजेत तुटला. मग इंटरनेटवरचा भार. भाऊ परदेशी बोलत असताना कोणी फोटोंच्या जड ईमेल उघडायच्या नाहीत, असा नियम केला. हिशेबाच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "ताई, श्वास तरी घेऊ का?" मी म्हटलं, "हळू घ्या." तरी फोन तुटला. इंजिनिअरला बोलावलं. त्याने फोन आणि इंटरनेटच्या मधलं यंत्र बदललं, दोनदा चहा घेतला आणि म्हणाला, "माझ्या बाजूने सगळं ओके आहे, ताई." प्रत्येकाच्या बाजूने सगळं ओके होतं. मग उरली ती एक मुलगीच.

तिने तर कमालच केली. फोन आत जोडून दिला की ती खुर्ची मागे सरकवायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी कामात असले तर हात वर करून दाखवायची. "बघा ताई, शिवलेसुद्धा नाही." सुरुवातीला ती हे हसत करायची. नंतर हसणं गेलं, हात तेवढे राहिले.

एक गोष्ट मला खुपत होती. शेतकऱ्यांचे फोन कधीच तुटत नव्हते. तिला विचारलं तर म्हणाली, "कधीच नाही. माझा मामा नांदगावहून फोन करतो, अर्धा अर्धा तास सोडत नाही. त्याचा एकदा तरी तुटायला हवा होता, ताई." हॉलंडच्या ग्राहकाचाही सहसा तुटत नसे. भाऊंचं म्हणणं, इंग्लंडचे फोन ती घाबरून घेते, त्याचं इंग्रजी तिला कळत नाही, म्हणून गोंधळते. पण फोन तुटायचे ते जोडून दिल्यावर किती तरी वेळाने. तेव्हा तिच्या घाबरण्याचा काय संबंध?

बाहेर शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी आत गेले. इंग्लंडचा फोन ठरला होता त्या दुपारी कंटेनरच्या कागदांवर सही घ्यायचं निमित्त करून मी भाऊंच्या केबिनमध्ये खुर्ची ओढून बसले. काका आणि त्यांचे व्याही होतेच. फोन जोडला गेला, हवापाण्याचं झालं, पलीकडून भाव आला. भाऊ म्हणाले, "वन मिनिट प्लीज," आणि त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"काय म्हणतो गोरा?" काकांनी विचारलं.

भाऊंनी आकडा सांगितला.

"नाय परवडत. अठरा मिलिमीटरच्या वर मणी हाय आपला, त्याला म्हणावं येऊन बघ."

"मागच्या साली तुमचा मणी सोळाचाच निघाला, काका."

"मागच्या साली थंडी लय होती. ह्या साली का मागच्या सालाचं काढतो?"

व्याही म्हणाले, "घ्या हाय तो भाव. उद्या पाऊस आला म्हंजे पेटीत काय भरनार, पानं?"

"तोंड आवरा, व्याही! पावसाचं नाव काढताय!"

असं चाललं होतं. पूर्वी बूथमध्ये हेच बोलणं दोन वाक्यांत उरकायचं. आता मीटर नव्हता, गादीच्या खुर्च्या होत्या, त्यामुळे बोलणं मागच्या सालावरून काकांच्या मेहुण्यावर गेलं. त्या दिवशी शिपाई रजेवर होता. ऑपरेटर स्वतः चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि आदबीने भिंतीशी उभी राहिली. शेवटी काकांनी मान हलवली. भाऊंनी बटण दाबलं, दिवा गेला. "हॅलो? हॅलो?" फोन मेलेला.

सवयीप्रमाणे भाऊ दार उघडायला उठले आणि थांबले, कारण जिच्याकडे बघायचं ती त्यांच्या समोरच ट्रे धरून उभी होती.

"भाऊ," मी म्हटलं, "ही इथे आहे. हिचे दोन्ही हात ट्रेला आहेत. फोन कोणी कापला?"

"जोडतानाच नीट जोडला नसेल," भाऊ म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

मालक माणसाला एवढ्यावर पटत नसतं, हे मला माहीत होतं. मी वाद घातला नाही. मला त्या लाल दिव्याच्या मागे लागायचं होतं.

चहानंतर भाऊ बागेवर गेल्यावर मी आणि ऑपरेटर त्यांच्या केबिनमध्ये शिरलो. पुण्याला माझ्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, "मी आता एक बटण दाबणार आहे. तू काही बोलू नकोस. नुसती फोन धरून राहा."

"का गं? काय झालंय? बरी आहेस ना?"

"बरी आहे. गप्प बस."

लाल दिवा लावला. पलीकडून लगेच, "हॅलो? अगं बोल ना. घरी काही झालंय का? भाऊजी बरे आहेत ना? हॅलो?" अखंड. फोन काही तुटला नाही. पुन्हा लावला, पुन्हा समजावलं. ती बिचारी या वेळी गप्प राहिली, पण तिच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि फोडणी तडतडत होती. फोन तुटला नाही. ऑपरेटर हिरमुसली. "ते नाहीच वाटतं, ताई."

मी टेबलावर बोटं वाजवत बसले आणि मामा आठवला. नांदगावचा मामा. एक क्षणही गप्प न बसणारा. आमचे शेतकरी तसेच. पलीकडून आवाज आला नाही की "हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?" सुरू. हॉलंडचा ग्राहक भाऊंची वाट बघताना आपल्या माणसांशी मोठ्याने गप्पा मारायचा, ते भाऊच सांगायचे. आणि इंग्लंडचा? त्याला एक मिनिट थांब म्हटलं की तो थांबायचा. हूं की चूं न करता.

तिसऱ्यांदा बहिणीला फोन लावला. म्हटलं, "फोन आतल्या खोलीत ने, दोन उशांच्या मध्ये ठेव, दार लाव आणि तुझा स्वयंपाक कर."

"तू डॉक्टरला दाखव," बहीण म्हणाली. पण तिने ते केलं. आम्ही लाल दिवा लावून बसलो. अलीकडे शांत, पलीकडे शांत. ऑपरेटरने मांडीवरचे हात घट्ट धरले होते. मग फोनवरची अक्षरं गेली, दिवा गेला, फोन तुटला.

तिने माझ्याकडे बघितलं. "परत करू या?"

परत केलं. परत तुटला. मग दिवा न लावता, खिडकी उघडी टाकून, रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न आत येऊ देऊन तसंच केलं. नाही तुटला.

इंजिनिअरला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प झाला. मी म्हटलं, "बोलत राहा, नाहीतर तुटेल." मग तो म्हणाला की हो, असं होऊ शकतं. आवाज नसेल तेव्हा फोन काही पाठवतच नाही, लाइनवर भार कमी यावा म्हणून तशी सोय आहे. दोन्हीकडून बराच वेळ काहीच आलं नाही की मधलं यंत्र समजतं, माणसं बोलून गेली. ही सोय बंद करता येईल, पण त्यासाठी पुण्याहून माणूस यावा लागेल आणि तो संक्रांतीनंतरच येईल.

संक्रांतीनंतर येऊन मला काय उपयोग होता?

त्या दिवशी फोन परत लावला तेव्हा इंग्लंडचा ग्राहक उठून गेला होता, म्हणून राहिलेला भाव दुसऱ्या दिवशी दुपारी ठरायचा होता. मी सकाळी लवकर जाऊन भाऊंच्या फोनवरच्या त्या बटणावर खाकी चिकटपट्टी लावली. आडवी, उभी, परत आडवी. भाऊ आले, काका आले, व्याही आले. मी सगळं सांगितलं.

भाऊंना ते काही रुचलं नाही. "म्हणजे आम्ही बोललो म्हणून फोन तुटतो?"

"तुम्ही बोलता ते पलीकडे जात नाही आणि तो सभ्य माणूस गप्प राहतो. यंत्राला वाटतं, दोघं उठून गेले."

"मग काय त्याला आमचं ऐकवायचं?"

"त्याला का मराठी समजतंय?" काका म्हणाले.

"शिव्या सगळ्यांना समजतात, काका," मी म्हटलं. "भाऊ, बूथमध्ये करायचात तसं करा. हात ठेवा. हाताआडून थोडं पाझरतंच. तेवढं पुरे आहे. आणि आजही तुटला तर मी स्वतः हिला पॅकहाऊसला सोडून येते."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं, असं बाहेर बसलेल्या ऑपरेटरचा चेहरा बघून वाटलं. पण बोलून गेले होते.

फोन जोडला गेला. हवापाणी झालं. भाव आला. भाऊंचं बोट सवयीने बटणाकडे गेलं, चिकटपट्टीला लागलं आणि माघारी आलं. त्यांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला. मग तिघांची कुजबुज. कुजबुज कसली, काका कुजबुजले तरी ते खाली बँकेत ऐकू जावं. मेहुण्याचा विषय परत निघाला. व्याही परत पावसावर गेले. मी मध्ये पडले नाही. उलट मला हवं होतं की त्यांनी वेळ घालवावा. काल लागला त्याहून जास्त वेळ गेला. शेवटी काकांनी मान हलवली आणि भाऊंनी हात काढला.

"हॅलो?"

"येस, आय ॲम हिअर," पलीकडून शांतपणे आलं.

भाव ठरला. फोन ठेवल्यावर व्याही हात चोळत म्हणाले, "चला, झालं." काका उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "भाऊ, आता तिला सांगा."

"काय सांगायचं? कळेल तिला."

"तिची चूक आहे हे तुम्ही या दोघांसमोर सांगितलं होतं. नाही हेही यांच्यासमोरच सांगा."

भाऊंनी चिकटपट्टीचं टोक नखाने उकरलं. त्यांना असं कोणी सांगत नसे. काका टोपी सारखी करत म्हणाले, "सांग रं. बाई बरोबर बोलतीय. आमच्यापायी तिच्या डोक्यावर खापर."

भाऊ उठून दारापर्यंत गेले नाहीत. ते त्यांना जमलं नसतं. त्यांनी स्पीकरचं बटण दाबून बाहेरचा फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं, मला ती दिसत होती. घंटा वाजल्याबरोबर तिने उचलला.

"हे बघ," भाऊ म्हणाले. घसा साफ केला. "तो फोन... तुझ्यामुळे तुटत नव्हता. आमच्यामुळे तुटत होता. पॅकहाऊसला जायचं काही कारण नाही. तू इथेच बसायचं."

पलीकडून काहीच नाही. भाऊंनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हॅलो? हॅलो? हा पण तुटला का?"

दाराच्या फटीतून मला तिचा वाकलेला माथा दिसत होता. रिसीव्हर तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"नाही, भाऊ," ती म्हणाली. "आहे मी."